बावीस घुंगरं

रात्री दोन वाजता मी घुंगरं मोजतो.
‘मोजतो’ म्हटलं की पुण्याची सून हसते.
हसू दे. हुपरीत बाई असंच बोलते.
डब्यातली नव्हेत, मनातली घुंगरं:
ह्यांचं घोरणं तुटतं तिथं पहिलं,
मग दुसरं, तिसरं,
पैंजणाच्या एका पट्टीला लागतात तेवढी बावीस झाली
की कुणी दार लोटावं तसा
श्वास धाडकन आत येतो.
एकदा एकतीस झाली.
त्या रात्री कोपर मारलं, उठून दिवा लावला.
ते म्हणाले, “काय झालं?”
काय सांगणार.

चाळीस वर्षं चांदीला डाग दिला ह्या माणसानं.
ओठांत फुंकणी, गाल फुगलेले,
नाकानं घ्यायचं, तोंडानं सोडायचं, मधे खंड नाही,
ज्योत सुईसारखी.
सवागीचा धूर, तेजाबाची वाफ, पॉलिशची भुकटी
सगळं त्याच नाकातनं गेलं.
काही मुक्कामालाही राहिलं.

कोल्हापुरात, राजारामपुरीत, एक रात्र
डोक्याला वायरी लावून निजवलं त्यांना.
सकाळी कागद आला: तासाला एकेचाळीस वेळा.
मी म्हटलं, माझ्या हिशेबात अडतीस होते,
तीन ठिकाणी माझा डोळा लागला असंल.

मशीन आलं.
नाकावर मुखवटा, डोक्यामागनं पट्टे.
बांधताना मुंडावळ्या आठवल्या, मी हसलो, ते चिडले.
मशीन वारा सोडी, नाक घेईना.
वारा कडेनं फसफसून डोळ्यांत जाई,
तोंड आपोआप उघडे,
पहाटे जीभ भाजलेल्या पापडासारखी.
दोनच्या सुमाराला मुखवटा उशाखाली
आणि मी परत पहिल्या घुंगरापाशी.
मशीनवाल्या पोरानं जोर वाढवला, दहाचा चौदा.
ह्यांना वाटायचं, कुणी चालत्या ट्रकातनं
आपलं तोंड बाहेर धरलंय.
शेजारचे सुकुमार मगदूम म्हणाले,
“कपाटात ठेवा. आमचं पण तिथंच आहे.”

शेवटी नाकाच्या डॉक्टरीणबाई, शिरगुप्पे म्हणून.
आत उजेड धरला आणि बराच वेळ बोलल्याच नाहीत.
पडदा डावीकडं वाकलेला, उजवीकडं मांस सुजलेलं.
त्या समजावायला लागल्या, तर हेच म्हणाले,
“फुंकणीत काजळी धरली की ज्योत वाकडी पडते.
नवं पोरगं गाल फाटेस्तोवर फुंकतं.
जुना माणूस थांबतो, तार घालतो.”
बाई म्हणाल्या, “तेच. फक्त एक ध्यानात ठेवा,
नाक मोकळं झालं म्हणून हा आजार जात नाही.
मशीनला आत यायला वाट होते, इतकंच.”
ते ‘इतकंच’ घेऊन आम्ही एस्टीनं परतलो.
रस्ताभर दोघंही गप्प.

मिठाचं पाणी, फवारा, दीड महिना.
मग ऑपरेशन. दोन दिवस नाकात कापूस,
माणूस नुसता करवादलेला, सूर्य मावळायच्या आत जेवेना.
कापूस निघाला, सूज उतरली,
आणि एका सकाळी अंगणातनं विचारलं,
“गूळ कोण कढवतंय?”
गुऱ्हाळ दरवर्षी तिथंच असतं, ओढ्यापलीकडं.

आता जोर नऊवर आलाय.
पहिल्या रात्री घोरणं नाही, तुटणं नाही,
मशीनची बारीक सू, बस.
मी एकापाशी थांबून राहिलो. दोन येईना.
झोप लागली नाही मला, खोटं कशाला बोलू.
भीती वाटली म्हणून मुखवट्यापुढं हात धरला.
बारक्या भोकातनं वारा तळव्याला लागला,
कोमट.

परवा थंडीत सर्दी झाली, पुन्हा चोंदलं.
सहापर्यंत मोजलं मी.
सातव्याला ते स्वतः उठले, मोरीत गेले,
अंधारात तांब्याचा आवाज, मग शिंकरण्याचा,
बराच वेळ.
आले, पट्टे आपले आपण बांधले, वाकडे.
मी हात लांबवून सरळ केले
आणि भिंतीकडं कूस वळलो.